जुन्या 800 ला नवा पेडल सेट बसला, पण चाकं तापतात

डिचोलीकर: माझी 1989 ची मारुती 800, बूस्टर (ब्रेक दाबताना पायाला मदत करणारा भाग) नसलेली. मॅटखाली पावसाचं पाणी साचून पेडलांच्या ब्रॅकेटची चाळण झाली. म्हापशाच्या भंगारातून नंतरच्या मॉडेलचा क्लच-ब्रेक सेट आणला, एक भोक कानशीने वाढवलं, बसला. क्लच केबल झकास. पण चोर्ला घाट उतरून केरीला पोचेपर्यंत पुढच्या चाकांना हात लाववेना. कुठं चुकलं?

फोंडेकर: बाब, पुशरॉड बघा, म्हणजे पेडलाचा जोर पुढे नेणारा दांडा. पेडल सोडल्यावरही तो मास्टर सिलिंडरच्या (चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारं नळकांडं) पिस्टनला दाबून राहिला, तर ऑइल परत जायची वाट बंद होते आणि ब्रेक धरूनच राहतात. किंचित मोकळीक हवीच. तो सेट बूस्टरवाल्या गाडीचा आहे का? त्यांच्या पेडलाचा रेशो (पायाचा जोर किती पट होतो तो) साधारण 4:1, बिनबूस्टरच्यांचा 6:1 च्या आसपास. म्हणजे बूस्टर नसताना जास्त जोर लावावा लागून पाय दुखेल.

डिचोलीकर: रॉड दाबूनच होता! लॉकनट सोडून आखूड केला, चाकं गार. पेडल मात्र दगड झालंय. बायको गाडीला हात लावत नाही.

फोंडेकर: मग जुनं ब्रेक पेडल धड असेल तर तेच नव्या ब्रॅकेटात बसतं का बघा. ब्रेक लाइटचा स्विचही तपासा.

डिचोलीकर: लाइट आठ दिवस पेटलेलाच होता म्हणे. शेजारी आज सांगतोय!