स्कॉटलंड : स्वतः गाडी चालवत गोल्फ आणि भटकंती – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. मे महिन्यात मी, बायको आणि सासरे स्कॉटलंडला जातोय, भाड्याची गाडी घेऊन. तिथेही गाडी डावीकडूनच चालवतात आणि आपलं लायसन्स 12 महिने चालतं, म्हणून ती धास्ती नाही. घोडं अडलंय ते सेंट अँड्र्यूज गावच्या ओल्ड कोर्स या प्रसिद्ध गोल्फ मैदानापाशी. तिथे खेळायची वेळ मिळवायच्या सोडतीचा (बॅलट) निकाल दोन दिवस आधी लागतो, रविवारी खेळ बंद. मग हॉटेलं कशी ठरवायची? एजंटने रोज नवं गाव दिलंय, नुसती पळापळ! सासऱ्यांना खेळायचंय, बायकोला किल्ले बघायचेत. दोन गोल्फ बॅगा आणि तीन सुटकेसना केवढी गाडी लागेल? की गोल्फच्या काठ्यांचे सेट तिकडेच भाड्याने घ्यावेत? जेवणाचं विचारत नाही, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर असणारच.