जुन्या प्रोजेक्टरचा खालचा स्पूल सुरुवातीला ओढतो, शेवटी ढिला पडतो. काय करावं?

जुनीमशीन_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडच्या एका भंगारवाल्याकडं ३५ एमएमचा लय जुना प्रोजेक्टर मिळाला. नावाची पट्टी गेलीय त्यामुळं मेक कळत नाही, पण हँडल मारून चालवायचा आहे, मोटर नंतर कुणीतरी बाजूला बोल्ट मारून बसवलीय. गेट (दिव्यासमोरची खिडकी, जिथून पट्टी जाते), क्रॉस (पट्टी थांबवत-थांबवत पुढं सरकवणारा भाग), स्प्रॉकेट (भोकांत दात घालून पट्टी ओढणारं चाक) सगळं साफ करून झालं, चित्र स्थिर येतं. अडचण खालच्या स्पूलची आहे. हा स्पूल बारीक स्प्रिंग गोल जोडून केलेल्या पट्ट्यावर फिरतो, शाफ्टवर एक चामड्याचा वॉशर, त्याच्यावर स्प्रिंग आणि नट. स्पूल १० इंची, आतला गाभा जेमतेम २ इंच. जुन्या जाहिरातींचं हजार फुटाचं रीळ लावून बघतोय.

नट आवळला की सुरुवातीला पट्टी तारेसारखी ताणते आणि भोकांच्या कडा तडकतात, सैल केला की पहिली पाच-सात मिनिटं झकास आणि मग स्पूल सुस्तावतो, पट्टी सैल पडून डब्यात वेटोळी घालायला लागते. मधली जागा सापडतच नाही. त्या काळात लोक हे सारखं गुंडाळायचे कसं? काही वेगळा पार्ट असायचा का जो माझ्या मशीनमधून गायब आहे? पुढच्या महिन्यात कॉलेजच्या पोरांना चालवून दाखवायचा विचार आहे म्हणून घाई.

केबिनवाला

पार्ट गायब नाही. तू लिहिलंय तेवढंच असायचं, चामडं, स्प्रिंग, नट, बास. आयुष्य केबिनमध्ये गेलं आमचं, कार्बनचा दिवा असल्यापासून, म्हणून जरा सविस्तर सांगतो, कंटाळू नको.

आधी हे बघ की पट्टी मशीनमधून कायम एकाच वेगानं येते. मूकपटाच्या चालीनं, म्हणजे सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर बरोबर सेकंदाला १ फूट, कारण ३५ एमएमच्या एका फुटात १६ च फ्रेम बसतात. बोलपटाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट. वेग ठरलेला, पण गुंडाळी मात्र जाड होत जाते. तुझा २ इंची गाभा रिकामा असताना मूकपटाच्या चालीला स्पूलनं मिनिटाला ११५ च्या आसपास फेरे मारले पाहिजेत, आणि हजार फूट भरलं की गुंडाळी पावणेदहा इंचाची होते, तेव्हा तोच स्पूल २४ फेऱ्यांवर आला पाहिजे. आता पुली तर एकाच वेगानं फिरणार, ती काय बघणारय का गुंडाळी किती जाड झाली ते? म्हणून जुन्या लोकांनी काय केलं, पुली मुद्दाम जास्त वेगात ठेवली, रिकाम्या स्पूलला लागतो त्याच्याहूनही थोडी जास्त, आणि वरचा सगळा वेग त्या चामड्यावर घसरवून टाकला. तुझ्या शाफ्टवरचा वॉशर सुरुवातीला थोडा घसरतो आणि शेवटी शेवटी जवळजवळ घसरतच असतो. तो घसरलाच पाहिजे, ते त्याचं काम आहे.

आता तुझी खरी अडचण. चामड्याची पकड, म्हणजे शाफ्टला मिळणारा पीळ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहतो. पण पट्टीवरचा ताण म्हणजे तो पीळ भागिले गुंडाळीची त्रिज्या. गुंडाळी पाचपट झाली की ताण पाचव्या हिश्शावर आला. म्हणून सुरुवातीला भोकं तडकतात आणि शेवटी ढिलं पडतं, नट कुठंही ठेव, ती पाचपट जाणार नाही. नटानं दोन्ही टोकं एकदम वर जातात नाहीतर एकदम खाली येतात.

उपाय नटात नाही, गाभ्यात आहे. ५ इंची गाभ्याचा स्पूल घे, नसेल मिळत तर सुताराकडून सागाचं कडं करून त्या २ इंची गाभ्यावर पक्कं बसव, कडा गुळगुळीत घासून घे. गाभा ५ इंच झाला की तुझ्या १० इंची स्पूलवर साडेसातशे फूट आरामात बसेल, ताणाचा फरक दुपटीच्या आतच राहतो, आणि तेवढा फरक चामडं खुशाल सांभाळतं. हजार फुटाच्या रीळाचे दोन तुकडे कर आणि निवांत चालव. आमच्या वेळी मोठ्या गाभ्याचा स्पूल हाती लागला की ऑपरेटर तो दुसऱ्याला देत नसे, त्याचं कारण हेच.

पट्टीप्रेमी

काकांनी मुद्द्याचं सांगितलंच, मी थोडं मागं जातो कारण प्रश्नात ‘त्या काळात’ असं विचारलंय आणि हा भाग मला फार आवडतो.

अगदी सुरुवातीला गुंडाळायची भानगडच नव्हती. लुमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफची पट्टी साधारण १७ मीटरची, एका मिनिटाच्या आत खेळ संपला, पट्टी खाली सुटी पडायची आणि मग हातानं गुंडाळायची. मुंबईत ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात जे पहिलं दाखवलं ते असंच. तिकडं न्यूयॉर्कमध्ये २३ एप्रिल १८९६ ला एडिसनच्या नावानं जो व्हायटास्कोप चालला त्यात पट्टीची दोन टोकं जोडून माळ करायचे आणि ती रुळांच्या चौकटीवरून फिरत राहायची, तेच दृश्य पुन्हा पुन्हा.

लांब पट्टी चालवायची म्हटल्यावर पहिली अडचण स्पूलची नव्हतीच, ती गेटची होती. गेटमध्ये पट्टी सेकंदाला १६ वेळा थांबते आणि सुटते. वर भरलेला जड स्पूल असेल तर त्या प्रत्येक हिसक्याला अख्खा स्पूल ओढायला लागतो आणि पट्टी तुटते. १८९५ मध्ये वुडविल लॅथम आणि त्याच्या पोरांच्या मशीनमध्ये, ज्यात डिक्सन आणि लोस्त हे दोघं कारागीर होते, गेटच्या वर पट्टीचा एक सैल फुगा सोडला आणि त्याच्याही वर एकसारखा फिरणारा स्प्रॉकेट ठेवला. स्पूलकडून पट्टी ओढायची ती स्प्रॉकेटनं, गेट आपलं फुग्यातून हवी तेवढी घेणार. त्याला आजही लॅथम लूप म्हणतात. हीच युक्ती गेटच्या खाली उलटी बसली, म्हणजे खाली पण सैल लूप, मग खालचा स्प्रॉकेट, आणि त्याच्यानंतर स्पूल.

तुमच्या मशीनमध्ये हा खालचा स्प्रॉकेट आहे ना? तो असेल तर खालचा स्पूल कितीही वेडावाकडा ओढू दे, चित्र हलत नाही, कारण ओढ स्प्रॉकेटच्या दातांवर येऊन थांबते. म्हणूनच भोकं तडकतात ती तिथंच, गेटमध्ये नाही. बघा, तडा स्प्रॉकेटजवळच्या भोकांना आहे का.

मग रीळं वाढली. फाळक्यांचा पहिला चित्रपट ३ मे १९१३ ला मुंबईत लागला तो साधारण ३७०० फुटांचा, म्हणजे हजार फुटाच्या हिशोबानं चार रीळं. पट्टी टोपलीत सोडायचे दिवस कधीच गेले होते. याला गुंडाळीच्या सोयीइतकंच आगीचं कारण होतं, कारण नायट्रेटची पट्टी जमिनीवर पडून दिव्याशेजारी ढीग होणं म्हणजे मरणाला बोलावणं. ४ मे १८९७ ला पॅरिसच्या धर्मादाय बाजारात प्रोजेक्टरच्या दिव्याच्या इथरनं पेट घेतला आणि शंभरावर माणसं गेली. त्यानंतर हळूहळू वर-खाली पत्र्याचे बंद डबे आले, डब्याच्या तोंडाला रुळांची फट अशी की पट्टी जाईल पण ज्वाळा आत शिरणार नाही. आपल्याकडं १९१८ च्या कायद्यानं खेळाच्या जागेला परवाना सक्तीचा झाला, त्यातही आगीची काळजी हा मोठा भाग होता.

आणि एक कळकळीची विनंती, ती जाहिरातींची पट्टी आधी तपासा. कडेवर ‘सेफ्टी’ छापलेलं दिसलं पाहिजे. नसेल आणि पट्टी १९५० च्या आसपासची किंवा आधीची असेल तर चालवूच नका, नायट्रेट पेटलं की पाण्यानं विझत नाही, त्याला बाहेरच्या हवेची गरजच लागत नाही. तसं काही सापडलं तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.

जुनीमशीन_सोलापूर

खालचा स्प्रॉकेट आहे, आणि हो, तडा तिथल्याच भोकांना आहेत. पट्टीवर सेफ्टी छापलंय, आंबूस वास पण नाही, धन्यवाद. काका, गाभ्याचं पटलं, सुताराला आजच सांगतो. पण एक शंका राहिली की वेग घसरवून वाया घालवण्यापेक्षा गुंडाळीलाच बाहेरून रबरी रूळ लावून फिरवलं असतं तर? मग जाडी कितीही होऊ दे, कडेचा वेग कायम.

मागवाला_पूर्वभाग

मला सिनेमातलं काही कळत नाही पण हा प्रश्न आमचा आहे म्हणून बोलतो. मी पॉवरलूमचा फिटर, टॉवेलचे माग. तुम्ही म्हणताय ते मागावर आहेच की. कापड पुढं ओढतो तो खरखरीत एमरी रोलर, तो ठरलेल्या चालीनं फिरतो, आणि गुंडाळीचा रोलर त्याला चिकटून नुसता घसटून फिरतो, त्याला स्वतःची घाई नाही. म्हणजे तुमचा खालचा स्प्रॉकेट तो आमचा एमरी रोलर. ओढायचं काम एकानं करायचं आणि गुंडाळायचं दुसऱ्यानं, हे दोन्हीकडं सारखं.

मागच्या बाजूला बीम असतो, म्हणजे ताण्याच्या उभ्या तारा गुंडाळलेला मोठा रूळ, तिथं तुमच्या वरच्या स्पूलसारखं आहे. बीमच्या कडेवर साखळी आणि लिव्हरला वजन, तो ब्रेक. बीम भरलेला असताना ताण्यावर बेताचा ओढा असतो, बीम रिकामा होत आला की त्याच वजनानं ओढा वाढतो आणि तारा तुटायला लागतात, मग विणकर वजन लिव्हरवर अलीकडं सरकवतो. चांगला विणकर नुसत्या हाताच्या अंदाजानं सरकवतो. तुमच्या वरच्या स्पूलला पण ब्रेक असणार, तो बघितला का? शेवटी शेवटी वरूनच जास्त ओढत असेल तर खालचा कितीही नीट केला तरी भोकं वरच्या स्प्रॉकेटवर फाटणार.

केबिनवाला

वा मागवाले, नेमकं बोललात. वरच्या स्पूलला पण वॉशर आणि स्प्रिंग असते, स्पूल आपल्या जोरावर पळून पट्टी सांडू नये एवढ्यापुरती. आणि ती उलट चालते, रीळ संपत आलं की वर ताण सगळ्यात जास्त आणि खाली सगळ्यात कमी. त्यामुळं वरचा ब्रेक जेवढा कमीत कमी ठेवता येईल तेवढा ठेव. भरलेला स्पूल हातानं एकदम फिरवून सोड, एखादा फेरा मारून थांबला तर बास.

गुंडाळीला बाहेरून रूळ लावायचं म्हणालास, कापडाला चालतं कारण कापडावर चित्र नसतं. पट्टीवर धुळीचा एक कण आणि वरून रूळ दाबतोय म्हटल्यावर अख्ख्या रीळावर उभी रेघ. म्हणून गाभ्यातूनच फिरवायचं आणि घसरवायचं हे टिकलं. पुढं सुधारणा झाली ती अशी की काही मशीनमध्ये स्पूलचा शाफ्ट थोडा वर-खाली हलता ठेवला आणि स्पूलचं वजनच घसरणाऱ्या चकतीवर पाडलं. हजार फूट पट्टी म्हणजे अडीच किलोच्या आसपास, स्पूल भरत गेला की वजन वाढतं, वजन वाढलं की पकड वाढते, म्हणजे गुंडाळी जाड होऊन ताण जेवढा पडतो तेवढा भरून निघतो. मला यंत्रातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, एक पण जादा पार्ट नाही, पट्टीच आपला ताण आपण धरून ठेवते. बोलपट आल्यावर याची किंमत अजून कळली, कारण खालून हिसका आला तर तो आवाजाच्या ड्रमपर्यंत, म्हणजे पट्टीवरचा आवाज जिथं वाचला जातो तिथपर्यंत जाऊन गाणं थरथरायचं.

तुझ्या मशीनला ते नाही, तर चामड्याकडं लक्ष दे. चामडं तेलानं माखलं असेल तर ते घसरत नाही, निसटतं, मध्येच धरतं मध्येच सोडतं. काढून पेट्रोलनं धू, सावलीत वाळव. कडक झालं असेल तर चपलांचं काम करणाऱ्याकडून नवीन कापून घे, दोन्ही बाजू सारख्या जाडीच्या, मऊ बाजू चकतीकडं. स्प्रिंगच्या पट्ट्याला पण तेल लागू देऊ नको. मशीनला तेल घालताना जुनं फडकं खाली धर, नव्या ऑपरेटरला आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवायचो.

नट लावायची पद्धत सांगतो. रीळ संपत आलेलं असताना, म्हणजे स्पूल जवळजवळ भरलेला असताना लाव, सुरुवातीला नाही. पट्टी फक्त सैल पडत नाही एवढाच आवळ, त्याच्या पुढं अर्धा फेरा पण नको. मग रिकाम्या स्पूलवर चालू करून भोकांकडं बघ. गाभा मोठा केलास तर तिथं काही होणार नाही.

पट्टीप्रेमी

एक राहिलं, गुंडाळी आडवी पण सारखी हवी. स्पूलच्या बाजूच्या चकत्या वाकलेल्या असतील किंवा शाफ्ट स्प्रॉकेटच्या रेषेत नसेल तर पट्टीची एक कड कायम घासत राहते आणि गुंडाळी ताटासारखी एका बाजूला फुगते. सपाट फरशीवर स्पूल आडवा ठेवून बघा, डुगडुगला तर चकती वाकडी आहे.

आणि सैल गुंडाळी झाली तर टोक धरून ओढून घट्ट करायचं नाही. लोक सर्रास करतात. आतले थर एकमेकांवर घासतात, मधली धूळ ओरखडे पाडते, आणि पडद्यावर जो रेघांचा पाऊस दिसतो त्यातला बराचसा असा पडलेला असतो. सैल झालंय तर सरळ रिवाइंडिंगच्या टेबलावर सावकाश उलगडून परत गुंडाळा.

जुनीमशीन_सोलापूर

डावी चकती डुगडुगतेय. चामडं काढलं तर एका बाजूनं काळंकुट्ट, तेल प्यायलेलं. कडं परवा मिळतंय. मागवाले अण्णा, तुमच्याकडं जुन्या बीमच्या ब्रेकचं चामडं किंवा नमदा पडला असेल तर सांगा, साखर पेठेतून येऊन घेऊन जातो.

मागवाला_पूर्वभाग

नमदा आहे, चांगल्यातला. अशोक चौकातून फोन करा, दुपारी दोनच्या पाळीनंतर या. वरच्या ब्रेकचा वॉशर पण सोबत आणा, त्याच मापाचा कापून देतो.