जपानमधलं विद्येच्या देवाचं, पण गावाकडचं शांत श्राइन कुठलं? आई-बाबा आणि भाचीला न्यायचंय

ओसाकाची_माहेरवाशीण

नमस्कार मंडळी, मी ओसाकात राहते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून आई-बाबा येतायत आणि सोबत माझी भाची, ती अकरावीला आहे, पुढच्या वर्षी नीटची परीक्षा. आम्ही पेपरच्या आदल्या दिवशी सारसबागेच्या गणपतीला जाऊन येणारी माणसं, त्यामुळे आईने फोनवर पहिली गोष्ट हीच विचारली की तुमच्या जपानात विद्येचा देव कुठला आणि मुलीला तिथे नेशील ना.

क्योतोचं कितानो तेनमानगू मला माहितीये, जाऊन आलेय, चांगलंच आहे, पण शाळांच्या सहली आणि टूरच्या बसेस यात आईला हात जोडून दोन मिनिटं उभंसुद्धा राहता येणार नाही असं वाटतं. मला शेतं, डोंगर, छोटं स्टेशन असं काहीतरी हवंय. आईचे गुडघे दुखतात, म्हणजे चालते ती, पण शेकडो पायऱ्या नकोत. दोघंही पक्के शाकाहारी, अंडंही नाही.

अजून एक, जरा नाजूक आहे. बाबांचे चुलत भाऊ गेल्या महिन्यात गेले. आमचं सुतक फिटलंय, पण ऑफिसमधली जपानी मैत्रीण म्हणाली की घरात कोणी गेलं असेल तर जिंजामध्ये, म्हणजे शिंतो या इथल्या मूळ धर्माच्या श्राइनमध्ये, जात नाहीत. मग आम्ही जायचं की नाही? आणि आपण हिंदू लोकांनी तिथे मनापासून नमस्कार केला तर त्यांना चालतं ना, की फक्त बघून यायचं?

यामातो_पायवाट

ताई, तुम्ही नारा प्रांतातल्या मिवाला जा. दुसरं काही शोधूच नका असं मी म्हणेन कारण तुमच्या आईला जे हवंय ते तिथे आहे आणि ओसाकाहून एका दिवसात आरामात होतं.

मिवा हे साकुराई शहराच्या कडेचं गाव. तिथे ओमिवा जिंजा आहे, जपानमधल्या सगळ्यात जुन्या श्राइन्सपैकी एक. इथे गाभारा नाहीये. मागचा मिवा डोंगर, ४६७ मीटर उंच, तोच देव. समोर दिसतो तो फक्त पूजेचा मंडप, १६६४ साली चौथ्या तोकुगावा शोगुनने (तेव्हाचा लष्करी सत्ताधीश) बांधून दिलेला, आणि त्याच्या मागे तीन कमानी एकत्र जोडलेली तोरी, म्हणजे श्राइनची कमान, तिच्यातून डोंगराला नमस्कार करायचा. पण तुम्हाला जायचंय ते याच्या आवारातल्या एका छोट्या देवळात, कुएबिको जिंजा. मुख्य मंडपापासून वाकामिया नावाच्या देवळाच्या बाजूने चालत गेलं की थोड्या पायऱ्या चढून वर. हा कुएबिको म्हणजे ज्ञानाचा देव, आणि तो कोण आहे माहितीये का, शेतातलं बुजगावणं!

गोष्ट कोजिकीत आहे, इ.स. ७१२ मधला जपानी पुराणकथांचा ग्रंथ. ओकुनिनुशी हा मोठा देव इझुमोच्या किनाऱ्यावर असताना समुद्रातून एका रानवेलीच्या शेंगेच्या होडीत बसून एक इवलासा देव आला. नाव विचारलं तर बोलेना, सोबतच्या देवांना विचारलं तर कोणालाच माहीत नाही. तेव्हा एक बेडूक पुढे येऊन म्हणाला की हे कुएबिकोला नक्की माहीत असेल. कुएबिकोला बोलावून विचारलं तर त्याने लगेच सांगितलं, हा सुकुनाबिकोना, अमक्या देवाचा मुलगा. आणि पुढे ग्रंथात लिहिलंय की हा कुएबिको म्हणजे डोंगरातल्या भातखाचरातलं बुजगावणं, याला पायांनी चालता येत नाही पण जगातलं सगळं याला माहीत असतं.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण बाकी विद्येचे देव बहुतेक पंडित असतात, दरबारी असतात, आणि इथे मात्र ऊन-पाऊस खात एका जागी उभा राहून सगळं बघणारा, पाखरं हाकलणारा शेतातला राखणदार. ज्याला विचारायचं सुचलं तोही बेडूकच, तोही चिखलातला. अभ्यासाला एका जागी बसावं लागतं हे त्या मुलीला कोणी वेगळं सांगायची गरज नाही, पण असा देव बघितला तर तिला बरं वाटेल. आणि कोजिकीत लगेच पुढे काय होतं तर तो छोटा देव काम अर्धं टाकून समुद्रापलीकडे निघून जातो, ओकुनिनुशी एकटा पडतो, मग समुद्रावरून उजेड पाडत दुसरा देव येतो आणि म्हणतो माझी स्थापना यामातोच्या (म्हणजे आताच्या नाराच्या) डोंगरावर कर तर मी तुला साथ देईन. तो डोंगर म्हणजे हाच मिवा. त्यामुळे कुएबिकोचं देऊळ या डोंगराच्या पायथ्याशी बघून मला ती गोष्ट एकदम जागेवर बसल्यासारखी वाटली.

तिथे नवसाच्या लाकडी पाट्या, एमा, घुबडाच्या असतात. आईंना आधीच सांगून ठेवा हं, नाहीतर घुबड बघून त्या दचकतील. जपानमध्ये घुबड शहाणपणाचं आणि शुभ मानतात. जानेवारीत विद्यापीठांच्या प्रवेशाची परीक्षा असते त्याच्या आधी मुलं-आईबाप येऊन या पाट्या लिहून टांगतात. मराठीत लिहिली तरी चालते, पण पूर्ण पत्ता वगैरे लिहू नका, पाटी तिथेच सगळ्यांसमोर टांगलेली राहते.

आणि तिथून परत फिरू नका, जवळच ओमिवा नो मोरी नावाची टेकडीवरची मोकळी जागा आहे, तिथून यामातोचं सगळं खोरं दिसतं, उनेबी, मिमिनाशी आणि कागुयामा हे तीन छोटे डोंगर, पलीकडे कात्सुरागीची रांग, आणि खाली १९८६ मध्ये उभारलेली ३२ मीटर उंचीची प्रचंड तोरी. घाई नका करू, तास-दोन तास बसा.

जायचं कसं तर ओसाका उएहोनमाची किंवा त्सुरुहाशीहून किंतेत्सु या खासगी रेल्वेची ट्रेन साकुराईपर्यंत, मग जेआर या दुसऱ्या रेल्वेने एकच स्टेशन, मिवा. जेआरच्या गाड्या तिथे फार नाहीत, तासाला एक-दोनच, वेळ बघून निघा. आईंना त्रास होणार असेल तर साकुराईहूनच टॅक्सी करा.

नागानोकर

वरचं उत्तर छान आहे, ओसाकाहून मिवाच सोयीचं. पण पुढे कधी कोणी तोक्योहून हा धागा वाचेल म्हणून लिहून ठेवतो. नागानोत तोगाकुशी आहे, डोंगरात, नागानो स्टेशनवरून बसने तासभर. पाच देवळं आहेत, त्यातलं मधलं चूशा म्हणजे ओमोइकाने या देवाचं. सूर्यदेवी आमातेरासू रुसून गुहेत जाऊन बसली आणि जगात अंधार झाला तेव्हा तिला बाहेर कसं काढायचं ही युक्ती ज्याने काढली तो हा देव, म्हणून बुद्धीचा. विचार करून चौघांना कामाला लावणारा, दंगा आणि नाच घडवून आणणारा, मला तर परीक्षेपेक्षा ऑफिसातल्या मीटिंगच्या आधी याची आठवण येते.

पण तुमच्या आईंसाठी नाही हो. पायऱ्या आहेत, आणि सगळ्यात आतल्या ओकुशाला मुख्य रस्त्यापासून सुमारे दोन किलोमीटर चालायचं. शेवटचा भाग चढाचा. जुन्या सिडारांच्या रांगेतून जाणारी ती वाट मात्र आयुष्यात एकदा चालावी अशी आहे. हिवाळ्यात बर्फ भरपूर.

ओसाकाची_माहेरवाशीण

यामातो_पायवाट, तुमचं वाचून आईला फोनच केला. बुजगावण्याचा देव म्हटल्यावर ती गप्पच झाली आणि मग म्हणाली तिथेच जायचं. तिचं माहेर भोरकडचं, भाताची खाचरं बघत मोठी झालेली ती. भाचीला डोंगरावर चढायचंय, मिवा डोंगर चढता येतो असं तिने कुठेतरी वाचलंय, खरंय का? आणि जेवणाचं आणि सुतकाचं कोणीतरी सांगा प्लीज.

डबा_सोबत

जेवणाचं मी सांगते कारण यात फार लोक फसतात. मिवा म्हणजे सोमेनचं माहेरघर, बारीक पांढऱ्या गव्हाच्या शेवया, स्टेशनपासून देवळापर्यंत दुकानंच दुकानं. शेवया स्वतः शाकाहारी, गहू, मीठ, तेल. पण ज्या रश्शात देतात तो जवळजवळ नेहमी सुक्या माशाच्या दाशीचा, म्हणजे माशाच्या अर्काचा असतो, वरून मासा दिसत नाही म्हणून आपण बिनधास्त खातो. गरम रश्शातल्या शेवया, न्यूमेन, त्याही तशाच. काकी-नो-हा सुशी म्हणजे पर्सिमॉनच्या पानात गुंडाळलेली, दिसायला सुंदर पण आत बांगडा किंवा साल्मन. तर सरळ पोळ्या-चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या काय असेल ते घरून घ्या आणि त्या टेकडीवरच्या मोकळ्या जागेत बसून खा, कचरा मात्र परत घेऊन यायचा, कचऱ्याचे डबे सापडणार नाहीत. सोमेनची पाकिटं विकत घ्या आणि घरी जिरं-कढीपत्त्याची फोडणी देऊन उपम्यासारखं करा, माझ्या सासूबाई आता पुण्याला मागवतात.

अजून एक सुचवते. साकुराईतच आबे मोंजुइन आहे. ते श्राइन नाही, बौद्ध मंदिर आहे, पण मोंजू म्हणजे आपला मंजुश्री, प्रज्ञेचा बोधिसत्त्व, भारतातूनच चीनमार्गे तिकडे गेलेला. सिंहावर बसलेली जवळपास ७ मीटर उंच मूर्ती, काइकेई नावाच्या मोठ्या मूर्तिकाराची, तेराव्या शतकातली, राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेली. मी समोर जमिनीवर बसून वर बघितलं तर डोळे भरून आले, खरंच सांगते. तिकिटासोबत माच्चा (हिरव्या चहाच्या पुडीचा चहा) आणि तांदळाच्या पिठाची साखरेची वडी देतात, ती तुमच्या आईंना चालेल. साकुराई स्टेशनहून बस आहे, टॅक्सीने तर अगदीच जवळ. सकाळी मिवा आणि दुपारी मंजुश्री, एका दिवसात विद्येचे दोन देव होतात.

यामातो_पायवाट

डोंगराचं: हो, चढता येतो, पण ती ट्रेकिंगची जागा नाही. डोंगरच देव असल्याने साई जिंजा या आवारातल्या देवळात नाव नोंदवायचं, ३०० येन भरायचे, ते गळ्यात घालायला पांढरा पट्टा देतात तो उतरेपर्यंत काढायचा नाही. वर फोटो बंद, खाणं बंद, पाण्याशिवाय काही प्यायचं नाही. नाव दुपारी १२ पर्यंतच घेतात आणि ३ च्या आत खाली यायलाच लागतं. येऊन-जाऊन साधारण दोन तास. चढ बऱ्यापैकी आहे, आई-बाबांनी खाली थांबावं. काही सणांच्या दिवशी बंद असतो, निघायच्या आधी श्राइनच्या साइटवर बघून घ्या. भाचीला आधी नीट समजावून सांगा, फोन खिशात ठेवायला जमत असेल तरच न्या. साई जिंजाजवळ पवित्र झऱ्याचं पाणी आहे, औषधी मानतात, लोक बाटल्या भरून नेतात, आईंना ते नक्की आवडेल.

तारखेचं एक. १४ नोव्हेंबरला तिथे मद्य बनवणाऱ्यांचा मोठा उत्सव असतो, देशभरातले साके बनवणारे येतात, कारण इथला देव साकेचाही देव. मंडपाला टांगलेला सिडारच्या पानांचा भलामोठा हिरवा गोळा तेव्हा नवीन असतो. बघण्यासारखा, पण गर्दी असते, शांतता हवी तर तो दिवस आणि शनिवार-रविवार टाळा. १५ तारखेच्या आसपास तीन, पाच, सात वर्षांच्या मुलांना किमोनो घालून आणतात, ते मात्र गोड दिसतं.

आणि मुख्य मंडपासमोर एका जुन्या सिडारपाशी अंडी आणि साके ठेवलेलं दिसेल. इथला देव पांढऱ्या सापाच्या रूपात येतो आणि तो त्या झाडात राहतो अशी श्रद्धा, म्हणून सापाला अंडी. आईंना तेही आधीच सांगा, नागपंचमी करणाऱ्या बाईला समजावायला वेळ लागणार नाही.

तोरीखाली

सुतकाचं. तुमची मैत्रीण बरोबर बोलली, तिथेही घरात मृत्यू झाला की जिंजात जायचं टाळतात, शिंतो पद्धतीत साधारण ५० दिवस. पण ते मुख्यतः आई-वडील, नवरा-बायको, मुलं अशा अगदी घरातल्यांसाठी पाळतात. बाबांचे चुलत भाऊ, वेगळं घर, आणि तुमचं सुतकही फिटलेलं, मला तरी काही अडचण दिसत नाही. तरी आईच्या मनात शंका राहिली तर पन्नास दिवस मोजून त्यानंतरची तारीख धरा, मनात किंतु ठेवून देवासमोर उभं राहण्यात काही मजा नाही.

नमस्कार करायला कोणी अडवत नाही, कुठल्या धर्माचे म्हणून विचारतही नाहीत. तोरीखालून जाताना थोडं वाकायचं, वाटेच्या मधोमध न चालता कडेने चालायचं, मधली वाट देवाची. हात धुवायच्या जागी आधी डावा, मग उजवा, मग ओंजळीत घेऊन चूळ, पळीला तोंड लावायचं नाही. समोर नाणं टाकून दोनदा खोल वाकायचं, दोन टाळ्या, मनात काय मागायचं ते मागायचं, परत एकदा वाकायचं. चपला काढायच्या नाहीत, बाहेरूनच दर्शन असतं, आईला हे पहिल्यांदा फार विचित्र वाटेल. नारळ, उदबत्ती, हार काही नेऊ नका, उदबत्ती बौद्ध मंदिरात चालते, इथे नाही.

भाचीच्या नावाने पुजाऱ्याकडून प्रार्थना करून घ्यायची असेल तर तीही होते, बहुतेक ठिकाणी ५००० येनपासून सुरू, आत बसवतात, तेव्हा चपला काढायच्या आणि मोजे धड असावेत. नाहीतर एक ताईत, ओमामोरी, घेतला तरी पुरे. ती छोटी पिशवी उघडून बघायची नसते हे मुलीला सांगा. साधारण वर्षाने श्राइनला परत देतात, तुम्ही ओसाकातच आहात तर तिची परीक्षा झाल्यावर तिने तो तुम्हाला पाठवावा, तुम्ही जाऊन देऊन या.

ओसाकाची_माहेरवाशीण

सगळ्यांचे मनापासून आभार. १२ तारीख ठरवतेय, त्याआधी पन्नास दिवस होतात का ते बाबांना मोजायला सांगितलंय, नाही झाले तर आठवडाभर पुढे. सकाळी मिवा, भाची डोंगरावर, आम्ही तिघं त्या टेकडीवर दशम्या घेऊन, दुपारी मंजुश्री. यामातो_पायवाट, कुएबिकोच्या त्या पायऱ्यांना धरायला कठडा आहे का, आणि नसेल तर आईची काठी नेली तर चालेल ना?

यामातो_पायवाट

काठी बिनधास्त न्या, तिथले म्हातारे-म्हाताऱ्या काठी टेकतच येतात. पायऱ्या दगडी आहेत, पाऊस झाला असेल तर निसरड्या होतात, त्या दिवशी आईंचा एक हात भाचीच्या हातात द्या आणि सावकाश चढा.