गादी जाड करण्याआधी पाठीचा कोन बघा

रिकंबंटच्या, म्हणजे मागे रेलून चालवायच्या सायकलच्या, फायबरच्या सीटवर बूड दुखतं म्हणून त्यावर जाडजूड मऊ स्पंज बसवायचा तुमचा बेत आहे, तो कृपया सोडा. असा स्पंज वजनाने पार चेपतो आणि आपण शेवटी टणक सीटवरच टेकतो. शिवाय पॅडल मारताना पाठीने दिलेला रेटा त्यातच मुरतो.

दुखण्याचं मूळ बरेचदा कोनात असतं. पाठ जितकी उभी, तितका भार नितंबांवर. पॅडल मारायला राबणारे स्नायूही तेच, त्यामुळे ते दबलेल्या अवस्थेत काम करतात आणि लवकर भरून येतात. सीट थोडी मागे कलती केली की भार पाठीवर पसरतो. फार कलती केलीत तर मान अवघडते, मग हेडरेस्ट लागतो. म्हणून एका वेळी थोडंसंच बदला आणि रोजच्या रस्त्यावर चालवून बघा.

गादी घ्यायचीच तर नेदरलँड्सची व्हेंटिसिट मला सर्वांत पटते. भांडी घासायच्या काथ्यासारखी प्लास्टिकच्या तंतूंची गुंतवळ असते ती. हवा आरपार खेळते, पाठ घामाने चिकचिकत नाही, पावसाचं पाणी त्यात साठून राहत नाही. खर्च टाळायचा असेल तर योगा मॅटचा तुकडा कमरेच्या खोलगटात बसेल असा कापून वेल्क्रोने लावा. पुढची कड मांडीत रुतत नाही ना, तेही तपासा.

आणि हो, पाठीमागे जाडी वाढली की तुम्ही तेवढेच पुढे सरकता. बूम, म्हणजे पॅडल बसवलेला पुढचा दांडा, त्या मापाने पुढे घ्यायला विसरू नका, नाहीतर गुडघे बोलायला लागतील.