मदत हवी आहे: नवीन पिकअपच्या हौद्याला जाळी लावायची आहे

राम राम मंडळी. दसऱ्याला १.७ टनी बोलेरो पिकअप घरी आणली. वडिलांनी बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ते पुसायचं अजून कुणाचं मन होत नाही. काचेवर 'आईची पुण्याई' लिहून घेतलं, आरशांना काळे गोंडे बांधले. फाळक्यावर मोराची जोडी हाताने रंगवून घ्यायची आहे, स्टिकर नको.

खरी अडचण हौद्याची. टोमॅटो नारायणगावच्या बाजारात न्यायचा. २० किलोचे ८० क्रेट म्हणजे माल १,६०० किलो, वर क्रेटचं स्वतःचं वजन. म्हणजे १.७ टनाची मर्यादा गाठलीच. जास्त भरायचं नाहीच, पण चौथा थर वळणावर हलतो, म्हणून बाजूने अडीच फूट उंच जाळी हवी. वेल्डिंगवाला म्हणतो, सोबत पाट्यात (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये) एक पान, म्हणजे एक पट्टी, वाढवा. मला ते पटत नाही. रिकामी गाडी नुसती उडेल, आणि वॉरंटीचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदीपेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही. मग नट-बोल्टची, काढता येणारी जाळी कुणी लावली आहे का? आरटीओत पासिंगच्या (गाडीच्या तपासणीच्या) वेळी अडवलं का? अँगल किती जाडीचा घेतला? आपल्या गाडीचे फोटो नक्की टाका.