टेबल नाही, चेंडू नाही, घाम मात्र आहे. याला खेळ म्हणायचं?

बर्डीचा_बॅकहँड: काल इथे एकाने लिहिलं, "डोळ्यांवर बांधायच्या व्हीआर (आभासी दुनियेच्या) हेडसेटवर टेबल टेनिस खेळायला लागल्यापासून खऱ्या टेबलाची गरज उरली नाही. नागपुरातले क्लब उद्या बंद पडले तरी काही बिघडत नाही." रात्रभर तेच डोक्यात होतं. आता लिहितोच, ज्याला कंटाळा येईल त्याने पुढे जावं.

मी 22 वर्षं खेळतो, घरी स्वतःचं टेबल आहे. आणि न खेळता बोलत नाही आहे. भाच्याच्या क्वेस्ट 2 हेडसेटवर इलेव्हन टेबल टेनिस हा गेम पंधरा दिवस खेळलो. फिरकी खरी वाटते, उसळीही खरी, हे कबूल. पण चेंडू लागला की हातातला कंट्रोलर फक्त थरथरतो. 2.7 ग्रॅमचा चेंडू रबरावर घासून निघतो ते बोटांना कळतं, ते इथे कुठून येणार? तिसऱ्या गेममध्ये नेटजवळचा चेंडू घ्यायला वाकलो आणि सवयीने डावा हात टेबलावर टेकवला. टेबल होतंच कुठे? कपाळ थेट दिवाणाच्या कोपऱ्यावर. बायको अजून हसते.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. एको व्हीआर आठवतं? हवेत तरंगत चकती फेकायचा खेळ, त्याच्या स्पर्धा व्हायच्या, लोकांनी त्यात वर्षं घातली. फेसबुकवाल्या मेटा कंपनीने 1 ऑगस्ट 2023 ला सर्व्हर बंद केले, खेळ संपला. कंपनीच्या मर्जीवर जो श्वास घेतो तो खेळ नाही, भाड्याची खोली आहे.

मिहान_रात्रपाळी: ती पोस्ट माझीच. काका, 22 वर्षं खेळता आणि मोकळा हात टेबलाला लागला की पॉइंट जातो हे माहीत नाही?

माझी ड्यूटी रात्री दीडला सुटते. घरी येऊन दोनला हेडसेट चढवला की पोलंडचा एक म्हातारा तयार असतो. चॉप, म्हणजे चेंडू खालून कापून उलटी फिरकी, असा मारतो की माझा चेंडू नेटमध्येच. नागपुरातला कोणता क्लब दोनला उघडा असतो? तुमचे लोक तर नऊला कुलूप लावून पानठेल्यावर.

बर्डीचा_बॅकहँड: पॉइंट संपल्यावर टेकवला होता. वाचता येते का तुले?

तर्रीवाली_आई: माझा पोट्टा चौदाचा आहे. हेडसेटवर बॉक्सिंग खेळता खेळता ट्यूबलाइट फोडली. पुढच्या आठवड्यात कूलरच्या जाळीवर ठोसा, बोटं सुजली. हेडसेटमध्ये सीमारेषा आखली होती म्हणे, ती ओलांडली की डोळ्यांसमोर आभासी जाळी दिसते म्हणे. दिसली असेल, पण ठोसा आधीच सुटला होता ना बाप्पा! वर मे महिन्यात अर्धा किलोचं डबडं तोंडावर बांधायचं. भिंगांवर वाफ, स्पंज घामाने ओला, आणि तोच स्पंज मग त्याचे चार मित्र तोंडाला लावतात. कोणी धुतं का तो?

भोवळ_आली_राजेहो: मला रेसिंगमध्ये पाच मिनिटांत मळमळ. डोळे म्हणतात गाडी पळते आहे, कानातला तोल म्हणतो तू खुर्चीत आहेस. टेबल टेनिसमध्ये मात्र त्रास नाही, कारण तिथे पाऊल टाकलं की खरंच पाऊल पडतं. सगळ्यांना एकाच काठीने हाकू नका.

प्लॉट_नं_41: मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही आहे. पोट्टे खेळतील कुठे? आमच्या ले-आउटमध्ये खेळाचं मैदान म्हणून सोडलेली जागा आहे. अर्ध्यावर मंदिर, उरलेल्यात गाड्या, कोपऱ्यात गंजलेली हिरवी जिम. दिवाळीत फटाक्यांचे स्टॉल, लग्नसराईत डीजे.

महालचा_गोलकीपर: मैदान म्हटलं की कस्तुरचंद पार्क! सभा, प्रदर्शनं, मेळावे, सगळं तिथेच. 2020 मध्ये खोदकामात जुन्या तोफा निघाल्या, तेव्हा कळलं की तिथे माती पण आहे. खेळायला नाही, खोदायला.

प्लॉट_नं_41: आणि ते लॉनवाले! रात्री अकरापर्यंत ढोल, सकाळी मैदानभर द्रोण-पत्रावळी. तक्रार केली तर मलाच विचारलं, तुमच्या घरी कोणाचं लग्न व्हायचं नाही का?

मिहान_रात्रपाळी: घ्या! मैदानं तुमच्याच पिढीने लॉनला दिली, आणि आम्ही घरात खेळलो तर नाकं मुरडता.

बर्डीचा_बॅकहँड: मी कोणाला मैदान दिलं बे? टेबल टेनिसला मैदान लागते का? भैताडासारखं बोलू नको.

महालचा_गोलकीपर: आपली दिव्या देशमुख 2025 मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली, खुर्चीत बसून. तेव्हा सगळे नाचले. मग उभं राहून घाम गाळणारा खेळाडू का नाही?

बर्डीचा_बॅकहँड: बुद्धिबळ उद्या कोणी सर्व्हरवरून काढू शकतं का? पट फाटला तर फरशीवर खडूने आखता येतो.

मिहान_रात्रपाळी: बरं, महाराज. "काही बिघडत नाही" हे मी रात्री तीनला लिहिलं, जरा जास्तच झालं. क्लब राहू द्या. एको व्हीआरचा मुद्दाही बरोबर, तो मला टोचला. पण माझी सर्व्हिस सुधारली ती हेडसेटवरच, हे मी मागे घेणार नाही. खऱ्या टेबलावर दाखवतो, या रविवारी. तुमच्या घरी येऊ?

बर्डीचा_बॅकहँड: या रविवारी नको.

मिहान_रात्रपाळी: काऊन? टेबल आहे ना?

बर्डीचा_बॅकहँड: आहे. अर्धं गच्चीवर नेलं आहे. त्यावर कुरडया वाळत आहेत.

तर्रीवाली_आई: 😂 गव्हाच्या का?