फडावरच्या मुलांचा न्यूमोनिया: आधी गॅस की आधी श्वास मोजणं?

करवीर_आरोग्य: गाळप सुरू झालं की शिरोळ, कागल, हातकणंगल्यात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. पाचटाचं छप्पर, एकच दार, दारातच चूल, जळण म्हणून पाचट नि चिपाडं. तान्हं बाळ त्याच धुरात झोळीत. पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया रोखायचा तर पहिला पैसा गॅसवर खर्च व्हावा, असं माझं ठाम मत आहे.

आशा_प्रशिक्षक: दादा, गॅस द्याच, चुलीपुढं बसणाऱ्या बाईसाठी तर द्याच. पण न्यूमोनियावरचा उपाय म्हणून पहिला पैसा तिथं नको. ग्वाटेमाला, भारत, पेरू, रवांडा इथल्या 'हापिन' (HAPIN) नावाच्या चाचणीत घराघरात शेगडी-सिलिंडर फुकट दिले, धूर चांगलाच घटला. तरी तान्ह्या मुलांचा गंभीर न्यूमोनिया लक्षणीय कमी झाला नाही (2024). मालावीतही 2017 ला सुधारित चुलींचा तसाच निकाल आला.

मूल दगावतं ते ओळखायला उशीर झाल्यानं. अंगडं वर करा, बाळ शांत असताना पोटाची हालचाल पूर्ण 60 सेकंद मोजा. 30 सेकंद मोजून दुप्पट करू नका, तान्ह्याचा श्वास मधेच अडखळतो आणि आकडा चुकतो. रडताना किंवा पिताना मोजलेलं धरायचंच नाही. 2 महिन्यांखाली 60, वर्षाच्या आत 50, पुढं पाच वर्षांपर्यंत 40. तेवढे किंवा जास्त भरले तर श्वास जलद, म्हणजे न्यूमोनियाचा संशय. 2 महिन्यांखालच्या बाळाचा पुन्हा एकदा मोजायचा. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा बाळ पीत नसेल, तर वाट न बघता कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्याला. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च'नं गावातल्याच माणसांना हे शिकवून न्यूमोनियाचे मृत्यू घटवून दाखवले, 1990 ला छापून आलंय.

करवीर_आरोग्य: ताई, ग्वाटेमालाचीच 2011 ची चाचणी बघा. धुराड्याच्या चुलीनं एकूण न्यूमोनियात ठोस फरक दिसला नाही, पण गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशानं घटला. हापिनमध्ये एकेका घराला गॅस दिला, शेजारच्या चुली पेटलेल्याच. इथं तर कोपीला कोपी चिकटलेली. अख्ख्या तळाला एकदम द्या.

पंचगंगा_आकडे: दिला, तरी फरक कशावरून ठरवणार? नोंदवहीत सर्दी-खोकला नि न्यूमोनिया एकाच रकान्यात. त्यात आरएसव्ही हा लहान मुलांच्या छातीला धरणारा विषाणू आपल्याकडं पावसाळ्यात जोर धरतो नि गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं. ऑगस्टशी डिसेंबरची तुलना केली तर विषाणू ओसरल्याचं श्रेय गॅसला जाईल. गेल्या हंगामातल्या त्याच महिन्याशी, आणि जलद श्वासाच्या निकषानं मोजलेल्याच केसेसची तुलना हवी.

शिवाय किती पोरांमागे किती केसेस, हा भागाकार कशानं करायचा? मुकादमाच्या यादीत कोयते असतात, म्हणजे जोडपी. पोरं कुठंच नाहीत, आशाच्या घरयादीतही नाहीत.

आशा_प्रशिक्षक: हे मात्र खरं. म्हणूनच न्यूमोकोकल लस, म्हणजे न्यूमोनियाच्या एका जिवाणूवरची लस, हुकते. डोस दीड, साडेतीन नि नऊ महिन्यांना. पहिला गावी पडतो, पुढचे फडावर राहून जातात. सकाळी अकराच्या सत्राला कोप्या रिकाम्या, माणसं पहाटेच उसात. सत्र संध्याकाळी ठेवा, कोपीगणिक पोरांची यादी तेव्हाच होते. न्यूमोनियावरची अमॉक्सिसिलिन ही अँटिबायोटिक दिली असेल तर त्याच फेरीत गोळ्याही मोजा, ताप उतरला की तिसऱ्या दिवशी बंद करतात, 5 दिवस पुरे होत नाहीत.

करवीर_आरोग्य: यादी आधी, मान्य. पण यादी होईस्तोवर चूल दाराबाहेर, वारा धूर कोपीपासून लांब नेईल अशा अंगाला न्यायला पैसा लागत नाही, ते उद्याच सांगा.